पिकअपचं मेंटेनन्स शेड्यूल कसं पाळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (तुर्भे-ठाणे पट्ट्यातल्या गाडीवाल्यांसाठी)

घरच्या तीन पिकअप आहेत. दोन तुर्भ्याच्या एपीएमसीतून कांदा-बटाटा आणि भाजी ठाणे-कल्याणकडे पोचवतात, तिसरी भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणते. गावाकडे कोणी नवीन गाडी काढली की मला फोन येतो आणि दर वेळी तेच प्रश्न, म्हणून एकदाच टाइप करून ठेवतोय. मी मिस्त्री नाही, गाडीमालक आहे, त्यामुळे इथे जे आहे ते मॅन्युअल वाचून आणि स्वतःचे पैसे घालवून शिकलेलं आहे.

सर्व्हिस नक्की किती किलोमीटरला करायची? शोरूमवाला एक सांगतो, गॅरेजवाला दुसरंच.

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे हा आकडा १० हजारापासून २० हजारापर्यंत असतो. पण खरी गोम पुढे आहे. बऱ्याच मॅन्युअलमध्ये हेवी ड्यूटीसाठी वेगळं कोष्टक नाहीतर खाली बारीक अक्षरात एक टीप असते, म्हणजे सतत लोड, धूळ, घाट, ट्रॅफिकमध्ये रखडणं असं असेल तर ऑइल आणि फिल्टर लवकर बदला. आपल्याला वाटतं हे राजस्थानातल्या खाणीवाल्यांसाठी असेल, अहो ते आपल्यासाठीच आहे. शिळफाट्याला तासभर अडकलेली गाडी मीटरवर चार किलोमीटर दाखवते पण इंजिन तर पूर्ण तास फिरलेलंच असतं ना. ढोबळ हिशोब असा धरतात की एक तास उभ्याने इंजिन चालू म्हणजे साधारण ४० किमी चालल्यासारखं. रोज दोन तास जाम धरला तर महिन्याला दोन हजार किलोमीटर असे होतात जे मीटरवर कुठेच दिसत नाहीत. म्हणून मी मॅन्युअलमध्ये २० हजार असेल तिथे १२-१३ हजारालाच ऑइल बदलतो. वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस ठरल्या वेळी कराच, मधलं ऑइल हे जादाचं.

मग शेड्यूल बसवायचं कसं? लक्षात कोण ठेवणार?

लक्षात कोणीच ठेवत नाही. मोबाइलमध्ये ॲप टाकून बघितलं, दोन महिन्यांत बंद पडलं. शेवटी दहा रुपयांची वही आणली, दोरीने बांधून डॅशबोर्डच्या खणात ठेवली, पहिल्या पानावर फक्त पुढच्या तारखा आणि किलोमीटर. ऑइल अमुक किलोमीटरला, ग्रीसिंग अमुकला, पीयूसी अमुक तारखेला. आतल्या पानांवर काय केलं, कुठे केलं, किती गेले. आणि एक दिवस ठरवून टाका. आम्ही मार्केट बंद असतं तो दिवस धरतो, त्या दिवशी भाडं तसंही नसतं, महिन्यातून एकदा प्रत्येक गाडी अर्धा दिवस गॅरेजला. लोक खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून, लिंबू-मिरची बांधून मनापासून पूजा करतात, आणि वर्षभर ऑइल मोजायची डिपस्टिक ओढून बघत नाहीत.

रोज सकाळी ड्रायव्हरने काय काय बघायचं?

पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, काढा, ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. कूलंटची बाटली बाहेरूनच दिसते. मग गाडीखाली टॉर्च मारा, रात्रभर उभी होती तिथे डाग पडलाय का. आमच्याकडे पहाटे तीनला गाडी काढतात, अंधारात मोबाइलची टॉर्च लावून हे करावं लागतं आणि ड्रायव्हर कंटाळतो हे खरंय, पण रस्त्यावरचा डाग बोटाला लावून बघितला की अर्धं निदान तिथेच होतं. काळं-तेलकट म्हणजे इंजिन, जाड आणि उग्र वासाचं म्हणजे गिअरबॉक्स किंवा क्राउन (मागच्या एक्सलमधले गिअर), हिरवं-गुलाबी पाणचट म्हणजे कूलंट. आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओलं असेल तर गाडी काढूच नका, ब्रेक ऑइल असू शकतं. चारही टायरला एक लाथ आणि सगळे लाइट, झालं.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं का?

नाही. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर दोन-तीन दिवसांतच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काळजी कधी करायची, तर ते दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर, कारण मग आत पाणी गेलंय. किंवा लेव्हल आपोआप वाढली तर. लेव्हल वाढणं ऐकायला चांगलं वाटतं पण म्हणजे डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, बीएस सिक्स (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमाच्या) गाड्यांमध्ये हे होतं, खाली डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) प्रश्नात सांगतो.

ऑइल कुठलं टाकू, गॅरेजवाला म्हणतो सगळी सारखीच.

सारखी नसतात. १ एप्रिल २०२० नंतरची बीएस सिक्स डिझेल गाडी असेल तर डब्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड पाहिजेच, कारण या गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये फिल्टर असतो आणि जुन्या पद्धतीच्या ऑइलच्या राखेने तो कायमचा चोक होतो. जुन्या गाडीचा उरलेला डबा नव्या गाडीत ओतला असले उद्योग नकोत. डबा आपल्यासमोर फोडायला लावा. ऑइलसोबत ऑइल फिल्टर बदलायचाच. आणि काढलेलं काळं ऑइल नाल्यात सोडू देऊ नका, सगळं शेवटी खाडीतच जातं. गॅरेजवाल्याचा ड्रम असतो त्यात जाऊ द्या, ते विकलं जातं.

ग्रीसिंग खरंच लागतं का? नव्या गाडीला काय गरज?

इथे जरा वेळ देतो कारण माझा सगळ्यात मोठा फटका यातच आहे. पिकअपच्या खाली गिअरबॉक्सपासून मागच्या क्राउनपर्यंत जो लांब प्रोपेलर शाफ्ट जातो त्याला क्रॉस असतात, फिरताना वाकायची मोकळीक देणारे. त्यांच्या आत सुयांसारखी छोटी बेअरिंग असतात आणि त्यांना ग्रीस लागतं. तसंच पाट्याच्या (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगच्या) पिनांना. काही नव्या मॉडेलमध्ये सीलबंद असतात, तुमच्या गाडीला ग्रीस भरायचं निप्पल आहे का ते खाली वाकून बघा. असेल तर आपल्या वापराला दर ५ हजाराला ग्रीस, आणि पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली असेल तर लगेच.

आमच्या एका गाडीला ते दोनदा राहिलं. राहिलं म्हणजे मीच पुढे ढकललं, गणपतीच्या आधीचे दिवस, भाडी जोरात. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की खालून टक्‌ असा एकच आवाज यायचा, रिव्हर्सला परत टक्‌. दुसऱ्या आठवड्यात कांद्याचा लोड घेऊन मुंब्रा बायपास चढताना क्रॉस तुटला, शाफ्टचं एक टोक खाली पडून रस्त्यावर आपटायला लागलं आणि त्या आपटण्यात ब्रेकचा पाइपही गेला. नशीब की चढ होता आणि वेग नव्हता. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढून मागच्या चाकाला दगड लावला. टोइंग, दुसऱ्या गाडीत माल पलटी करायची हमाली, शाफ्ट, पाइप, व्यापाऱ्याचं बोलणं वेगळंच. क्रॉस स्वतः काही शे रुपयांचा, ग्रीसिंग तर त्याहून स्वस्त. नंतर कळलं ड्रायव्हरला तो आवाज आठ दिवस ऐकू येत होता. का बोलला नाही ते शेवटच्या प्रश्नात.

ब्रेक लागतायत तर मग ब्रेक ऑइल कशाला बदलायचं?

कारण ते हवेतली ओल ओढून घेतं. बाटली उघडी ठेवली तरी ओढतं, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत तर काय विचारता. ओल मिसळली की ते कमी तापमानाला उकळतं. सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही, पण लोड घेऊन माळशेज किंवा गायमुखचा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, ऑइल उकळून वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून दोन वर्षांनी पूर्ण बदला, नुसतं वरून ओतू नका. लेव्हल खाली जात असेल तरी आधी लायनर (ब्रेकची झिजणारी पट्टी) बघा, लायनर झिजले की लेव्हल आपोआप उतरते, तिथे वरून ओतणं म्हणजे इशारा पुसून टाकणं.

पुढचे पॅड आणि मागचे लायनर मी दर १० हजाराला उघडून बघायला लावतो. चाक खोललंच आहे तर ड्रममधली धूळ साफ होते आणि बेअरिंगचं ग्रीसही दिसतं. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरला माझ्या गाडीवर जागा नाही, आणि तसंही गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आजकालच्या इंजिनात डिझेल जातच नाही, न्यूट्रलला उलट जातं.

क्लच प्लेट लवकर का जाते?

पायामुळे. पाय पॅडलवर ठेवून गाडी चालवायची सवय, आणि चढावर हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं. कोपरी आणि महापे, दोन्ही ठिकाणी हे रोज बघायला मिळतं. टेस्ट साधी आहे, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनचा आवाज वाढला पण गाडीने वेग घेतला नाही तर प्लेट घसरतेय.

कूलंट महाग आहे, साधं पाणी चालेल का?

अडीनडीला चालेल, घरी पोचेपर्यंत. बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यात क्षार असतात, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत किटण धरतं, आतून गंजही येतो, आणि मग एप्रिल-मेच्या दुपारी ठाणे-बेलापूर रोडवर बोनेट उघडून उभे. तयार मिक्स कूलंट घ्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र करू नका. बदलायचं कधी ते मॅन्युअलमध्ये असतं, साधारण दोन वर्षांनी येतं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, आमच्या ओळखीच्या एका क्लीनरचा हात भाजलाय, महिनाभर पट्टी होती.

डीपीएफचा दिवा लागतो, गाडी पिकअप घेत नाही. काय करू?

बीएस सिक्सचं हे नवं दुखणं. काजळी त्या फिल्टरमध्ये साठते आणि गाडी ती स्वतः जाळून टाकते, पण त्यासाठी एका वेगात बराच वेळ पळावं लागतं. नेरूळ-वाशी-कोपरखैरणे अशा छोट्या खेपा, दर दहा मिनिटांनी इंजिन बंद, मग जाळण्याचं काम अर्धवट राहतं. जाळण्यासाठी सोडलेलं जादाचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल वाढते, वर म्हटलं ते हेच. उपाय म्हणजे दिवा नुसता पेटला असेल तेव्हाच सायन-पनवेल हायवेला वीस-पंचवीस मिनिटं गाडी एका दमात पळवायची, किंवा मॅन्युअलप्रमाणे उभ्याने करायची सोय असेल तर ती. दिवा ब्लिंक व्हायला लागला किंवा पॉवर तुटली तर सरळ सर्व्हिस सेंटर. फिल्टर आतून फोडून देतो म्हणणारे भेटतील, नादी लागू नका, पीयूसीला आणि पासिंगला अडकाल. युरियावाली (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं द्रावण लागणारी) गाडी असेल तर त्या टाकीत फक्त सीलबंद डीईएफ, म्हणजे तेच तयार द्रावण, शेतातला युरिया विरघळवून टाकणारे महाभागही बघितलेत.

टायर किती चालतात?

तुमच्या हवेवर आहे. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीला किंवा मॅन्युअलमध्ये हवेचा आकडा असतो, पुढे वेगळा मागे वेगळा, आणि लोडचा वेगळा. पंक्चरवाल्याला चारही चाकांत सारखी भर म्हणू नका. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी, एकाच बाजूला झिजला तर अलाइनमेंट. खड्ड्यांचा सीझन संपला की अलाइनमेंट करूनच घ्या. दर ८-१० हजाराला टायर पुढे-मागे फिरवा. रबराची नक्षी १.६ मिमीवर आली की संपला, खोबणीत तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे दिलेलेच असतात. आणि एक गोष्ट कोणी करत नाही, चाक खोलून बसवलं की ५०-१०० किलोमीटरनंतर नट परत आवळा.

एक पाटा जास्तीचा टाकला तर जास्त माल बसेल ना?

बसेल. पण पासिंग (कागदावर मंजूर वजन) तेवढंच राहतं, ब्रेक तेवढेच, एक्सल तोच. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. दंड सोडा, ओव्हरलोड गाडीचं शेड्यूल पाळणंच शक्य नाही, क्लच, क्राउन, बेअरिंग सगळं हिशोबाच्या बाहेर जातं.

पावसाळ्यापूर्वी काय करायचं?

मेमध्येच वायपर, हौद्याची ताडपत्री, सगळे वायरिंग जॉइंट. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढायचा स्क्रू असतो, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी थोडं काढा, पारदर्शक बाटलीत धरलं तर खाली पाणी आणि वर डिझेल स्पष्ट वेगळं दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पंपवाल्याला शिव्या देणार होतो, पण टाकीच्या आत दव धरूनही पाणी येतं.

वंदना टॉकीजपाशी किंवा कुठल्या सबवेत गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच खोलावं लागतं. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा. क्राउन पाण्यात बुडला असेल तर त्याचंही ऑइल तपासा, दुधाळ झालं असेल तर लगेच बदली.

गाडीतून मासळी वाहतो, वेगळं काही?

हो, आणि हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून थेट चासीवर आणि ब्रेकच्या पाइपवर गळतं. आमच्या मासळीच्या गाडीची चासी तिसऱ्या वर्षी अशी झाली की स्क्रू ड्रायव्हर टोचला की खपली निघायची, भाजीची गाडी त्याच वयाची, तिला काही नाही. आता रोज खेप संपली की खालून गोड्या पाण्याने धुतो, वर्षातून एकदा अंडरकोटिंग, आणि ब्रेकचे लोखंडी पाइप दर सहा महिन्यांनी हाताने चाचपून बघतो.

बॅटरी?

टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाण्याने धुवा, सुकलं की व्हॅसलिन लावा. चालू गाडीत मीटर १४ व्होल्टच्या आसपास दाखवत नसेल तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा किंवा पट्ट्याचा.

कंपनीत सर्व्हिस करू की बाहेर?

वॉरंटी आहे तोवर कंपनीत, बिलं जपून. नंतर ओळखीचा मिस्त्री, पण काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा. एका ठिकाणी मला तीन सर्व्हिसला डिझेल फिल्टरचं बिल लागलं होतं. चौथ्यांदा जुन्या फिल्टरवर खडूने खूण करून गाडी पाठवली, गाडी परत आली तेव्हा खूण जागेवरच. भांडण केलं नाही, जाणं बंद केलं.

पासिंगला शेड्यूलचा काय संबंध?

कमर्शियल गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी करावं लागतं. एमएच ०४ असो की एमएच ४३, ब्रेक, लाइट, टायर, धूर, मागचं रेडियम बघतातच. वर्षभर वही पाळली असेल तर आदल्या आठवड्यात धावपळ होत नाही. पीयूसी नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, नंतर बीएस फोर आणि सिक्सला वर्षाची मिळते.

सीएनजी पिकअपला हेच शेड्यूल?

गाडीच्या खालच्या बाजूचं सगळं हेच. इंजिनात स्पार्क प्लग आणि एअर फिल्टरकडे जास्त लक्ष, आणि सिलिंडरची टेस्ट दर तीन वर्षांनी, पाटीवर तारीख कोरलेली असते.

ड्रायव्हर काही सांगतच नाही, गाडी बंद पडल्यावरच कळतं. काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर गॅरेजमध्ये नाही. तुम्ही त्याला पैसे कसे देता ते बघा. आमच्याकडे खेपेवर पैसे होते. म्हणजे गाडी गॅरेजला उभी तर त्याच्या घरी त्या दिवशी शून्य. मुंब्रा बायपासच्या भानगडीनंतर मी त्याला विचारलं, आवाज येत होता तर बोलला का नाहीस, तर म्हणाला, "शेठ, तुम्ही गाडी दोन दिवस उभी केली असती, पोराची फी भरायची होती." मी काय बोलणार, माझ्या जागी मीही ग्रीसिंग पुढे ढकललंच होतं, भाडी जाऊ नयेत म्हणून.

तेव्हापासून गॅरेजच्या दिवसाचाही रोज (दिवसाची मजुरी) सुरू केला, दोन खेपांचा धरून. अट एकच, त्याने गॅरेजला थांबायचं, समोर उभं राहून काम करून घ्यायचं आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं. पहिल्याच महिन्यात तिघांनी मिळून सात तक्रारी लिहिल्या, त्यातल्या दोन फुसक्या होत्या. एकाने लिहिलंय, "डाव्या बाजूला वळताना घर्र. रेडिओ बंद केल्यावरच येतो." पुढच्या चाकाचं बेअरिंग होतं.